सौरवादळाचा अंदाज: दोन दिवस आधी काय कळते, शेवटच्या तासात काय कळते

भूमापनाचा व्यवसाय करणाऱ्या एका वाचकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: सूर्यावर स्फोट झाल्यानंतर त्याचा परिणाम पृथ्वीवर जाणवायला दोन-तीन दिवस लागतात आणि उपग्रहांवरच्या दुर्बिणींतून तो स्फोट स्पष्ट दिसतो, तर मग भूचुंबकीय वादळ येणार की नाही आणि आलेच तर किती मोठे येणार, हे छातीठोकपणे का सांगता येत नाही? मे २०२४ मध्ये वर्तवले होते त्यापेक्षा मोठे वादळ आले, एरवी मात्र इशाऱ्याच्या बातम्या येतात आणि काहीच घडत नाही. अशा स्थितीत जीपीएस रोव्हरवर, म्हणजे हातात घेऊन फिरवायच्या अचूक जीपीएस यंत्रावर, चालणाऱ्या मोजणीचे नियोजन करताना या इशाऱ्यांना किती किंमत द्यावी? अवकाश हवामानाचे अंदाज तयार करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे उत्तरही त्याच क्रमाने देतो, म्हणजे स्फोटानंतर कोणत्या टप्प्यावर आमच्या समोर काय असते आणि काय नसते.

निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. आपण ज्याला वादळाचा अंदाज म्हणतो त्यात दोन वेगळे अंदाज दडलेले असतात. सूर्यावरून निघालेला प्लाझ्माचा, म्हणजे विद्युतभारित वायूचा, लोट पृथ्वीला गाठणार का आणि कधी, हा पहिला. तो एक ते तीन दिवस आधी देता येतो आणि त्यात साधारण दहा-बारा तासांची चूक गृहीत धरावी लागते. लोट आल्यावर पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र किती खवळेल, हा दुसरा. तो लोटाच्या आतल्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेवर अवलंबून असतो आणि ती दिशा लोट पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर येईपर्यंत सहसा कोणत्याही उपकरणाने थेट मोजता येत नाही. बातमीत येतो तो बहुतेक वेळा पहिला अंदाज, आणि वाचणारा तो दुसरा समजून वाचतो.

सूर्यावरच्या मोठ्या स्फोटातून तीन गोष्टी निघतात. क्ष-किरण आणि प्रकाश सव्वाआठ मिनिटांत येतात आणि सूर्याकडे तोंड असलेल्या अर्ध्या पृथ्वीवर लघुलहरी रेडिओ संपर्क काही काळ बंद पाडतात. याचा इशारा देता येतच नाही, कारण स्फोट दिसतो त्याच क्षणी परिणामही सुरू झालेला असतो. उच्च ऊर्जेचे प्रोटॉन काही मिनिटांपासून काही तासांत पोहोचतात आणि त्यांचा त्रास मुख्यतः उपग्रहांना, अंतराळवीरांना आणि ध्रुवीय मार्गांवरच्या विमानांना होतो. तिसरी गोष्ट म्हणजे कोरोनल मास इजेक्शन, अर्थात सीएमई: अब्जावधी टन प्लाझ्मा आणि त्यात गुंफलेले चुंबकीय क्षेत्र. मोठी भूचुंबकीय वादळे येतात ती या सीएमईमुळे, सौरज्वालेमुळे नव्हे. वर्तमानपत्रांचे मथळे मात्र सौरज्वालेच्या वर्गावर ठरतात, सी, एम, एक्स या चढत्या वर्गांतला सर्वांत वरचा एक्स वर्ग दिसला की ‘पृथ्वीला धोका’.

या समजुतीला उत्तर म्हणून २००३ सालच्या नोव्हेंबर महिन्याकडे बोट दाखवता येते. ४ नोव्हेंबर २००३ रोजी एक्स-२८ अशी नोंद झालेली सौरज्वाला उसळली, उपग्रहावरचा क्ष-किरण मापक मोजमापाच्या कमाल मर्यादेला जाऊन अडकला आणि खरी तीव्रता मागाहून अनुमानाने ठरवावी लागली. पण ती जागा सूर्याच्या पश्चिम कडेला होती, सीएमईचा मुख्य भाग बाजूने निघून गेला आणि पृथ्वीवर म्हणावे असे वादळ झाले नाही. त्याच महिन्यात १८ तारखेला त्या मानाने सत्तर पटींनी क्षीण, एम वर्गातल्या सौरज्वालेबरोबर निघालेल्या सीएमईने २० नोव्हेंबरला सुमारे अकरा वर्षांच्या त्या संपूर्ण सौरचक्रातले सर्वांत तीव्र वादळ घडवले. वादळाची तीव्रता सांगणारा डीएसटी निर्देशांक, जो विषुववृत्तापासून फार दूर नसलेल्या चार वेधशाळांतील क्षैतिज चुंबकीय क्षेत्राच्या घटीवरून काढतात, तेव्हा उणे ४२२ नॅनोटेस्लापर्यंत उतरला. शांत दिवशी हा आकडा शून्याच्या आसपास असतो आणि उणे १०० च्या खाली गेला की आम्ही तीव्र वादळ म्हणतो.

आता प्रत्यक्ष अंदाज कसा तयार होतो ते पाहू. स्फोट झाल्यावर पहिली वाट पाहायची ती कोरोनाग्राफच्या चित्रांची. या उपकरणात सूर्याची तबकडी झाकलेली असते आणि भोवतीचा मंद किरीट दिसतो. १९९५ साली दोन वर्षांच्या कामगिरीसाठी सोडलेल्या ‘सोहो’ यानावरचा ‘लॅस्को’ कोरोनाग्राफ जवळजवळ तीन दशके जगभरातल्या अंदाजकर्त्यांचा मुख्य आधार राहिला, ही गोष्ट या क्षेत्रातल्या गुंतवणुकीबद्दल पुरेसे सांगून जाते. एकामागून एक आलेली चित्रे एकमेकांतून वजा केली की पुढे सरकणारी कड उठून दिसते. सीएमई आपल्या दिशेने किंवा आपल्यापासून थेट उलट दिशेने निघाला असेल, तर तो सूर्याभोवती पसरत जाणाऱ्या कड्यासारखा दिसतो, आणि ‘आपल्याकडे की पलीकडे’ हा प्रश्न केवळ त्या चित्रावरून सुटत नाही. त्यासाठी अतिनील चित्रे बघायची: तबकडीवर स्फोटाच्या जागी किरीट अचानक काळवंडला आहे का, तिथे तेजस्वी कमानींची रांग उभी राहिली आहे का. या खुणा दिसल्या तर सीएमई आपल्या बाजूचा. काहीच दिसले नाही तर तो बहुधा पलीकडचा. पण कधीकधी तबकडीवर कोणतीही ठळक खूण न ठेवता निघालेला सीएमईसुद्धा येऊन धडकतो.

पुढची पायरी वेग, रुंदी आणि दिशा ठरवण्याची. पडद्यावर त्या कड्याभोवती एक शंकू बसवायचा आणि त्याची टोके ओढत चित्राशी जुळवायची असे हे काम आहे. अडचण अशी की आपल्या दिशेने येणाऱ्या वस्तूचा आपल्या दिशेतला वेग समोरून दिसत नाही. दिसतो तो आडवा फैलाव, आणि त्यावरून खरा वेग काढायचा असतो. एकच चित्रमाला दोन अनुभवी माणसांसमोर ठेवली तर त्यांच्या वेगात शे-दोनशे किलोमीटर प्रतिसेकंदाचा फरक सहज पडतो. सूर्य ते पृथ्वी अंतर १५ कोटी किलोमीटर. वाटेत वेग मुळीच बदलला नाही असे धरले तर १५०० किलोमीटर प्रतिसेकंदाने सुमारे २८ तास, १३०० ने ३२ तास आणि १७०० ने साडेचोवीस तास. म्हणजे चित्र वाचण्यातच सात-आठ तासांची अनिश्चितता आली, आणि प्रवास तर अजून सुरूही झालेला नाही.

प्रवासात वेग बदलतो. सौर वारा साधारण ४०० किलोमीटर प्रतिसेकंदाने वाहत असतो. त्यापेक्षा वेगवान सीएमईला तो मागे ओढतो, मंद असलेल्याला पुढे रेटतो. हे गणित ‘डब्ल्यूएसए-एन्लिल’ यांसारखी संगणकीय प्रारूपे करतात, ज्यांत आधी सूर्याच्या पृष्ठभागावरील चुंबकीय क्षेत्राच्या नकाशावरून पार्श्वभूमीचा सौर वारा उभा करतात आणि मग त्यात वर बसवलेला शंकू सोडतात. नकाशा मुख्यतः सूर्याच्या आपल्याला दिसणाऱ्या बाजूचा असतो, पलीकडच्या बाजूची माहिती दोन-दोन आठवडे जुनी असते, आणि आधी एखादा सीएमई त्याच वाटेने गेला असेल तर वाट मोकळी झालेली असते व मागचा अपेक्षेपेक्षा लवकर येतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, या प्रारूपाच्या नेहमीच्या वापरात सोडलेल्या शंकूला स्वतःचे चुंबकीय क्षेत्र नसतेच. तो केवळ दाबाचा आणि घनतेचा गोळा असतो. तो कधी पोहोचेल हे प्रारूप सांगू शकते, पोहोचल्यावर काय करील हे त्याला विचारण्यात अर्थ नाही.

फसलेल्या अंदाजांत अभ्यासायला सर्वांत उपयुक्त म्हणून मी जानेवारी २०१४ चा दाखला देतो. ७ जानेवारीला जवळजवळ तबकडीच्या मध्यावरून एक्स वर्गाची सौरज्वाला आणि अतिवेगवान सीएमई निघाला. पाठ्यपुस्तकात धोकादायक म्हणून जी लक्षणे सांगतात ती सगळी इथे होती, म्हणून जोरदार वादळाची पूर्वसूचना देण्यात आली. किरणोत्साराच्या भीतीने अंतराळस्थानकाकडे निघणाऱ्या एका मालवाहू यानाचे उड्डाणही एक दिवस पुढे ढकलले गेले. सीएमई अपेक्षेपेक्षा बराच उशिरा आला आणि वादळ झालेच नाही. मागाहून केलेल्या विश्लेषणात असे दिसले की स्फोटाच्या जागेशेजारच्या प्रबळ चुंबकीय क्षेत्रांनी सीएमईला अगदी सुरुवातीलाच बाजूला वळवले होते. पृथ्वीला लागली ती केवळ त्याची कड. तेव्हापासून मध्यावरचा स्फोट म्हणजे सरळ आपल्याकडे, हा नियम कोणी डोळे मिटून लावत नाही.

मार्च २०१५ मध्ये याच्या नेमके उलट घडले. १५ मार्चला सी वर्गाच्या, म्हणजे बातमीलाही न लागणाऱ्या सौरज्वालेबरोबर एक सीएमई निघाला, तो ओझरता लागेल आणि सौम्य, जी-१ पातळीचे वादळ होईल असा अंदाज होता. प्रत्यक्षात १७ मार्चला तो अपेक्षेआधी आला आणि वादळ पाच पायऱ्यांच्या मोजपट्टीवर जी-४ ला पोहोचले. दोन्ही प्रकरणांत आगमनाच्या गणितातली चूक होतीच, पण ती समजून घेता येण्यासारखी होती. १७ मार्चला सौम्याचे तीव्र कशाने झाले, याचे उत्तर चुंबकीय दिशेत आहे, आणि इथून पुढे आपण दुसऱ्या अंदाजाकडे येतो.

पृथ्वीच्या चुंबकावरणाच्या दर्शनी कडेला पृथ्वीचे क्षेत्र उत्तरेकडे रोखलेले असते. सीएमईमधले क्षेत्र दक्षिणेकडे रोखलेले असेल तर दोन्हींच्या रेषा तुटून एकमेकींशी जोडल्या जातात, सौर वाऱ्याच्या ऊर्जेला आत यायला दार मिळते, पृथ्वीभोवतीचा वलयी प्रवाह वाढतो आणि जमिनीवरच्या चुंबकमापकात क्षेत्र घटताना दिसते. क्षेत्र उत्तरेकडे असेल तर तेच द्रव्य, त्याच वेगाने, चुंबकावरणाला दाबून पुढे निघून जाते. उत्तर-दक्षिण दिशेतल्या या घटकाला आम्ही ‘बी-झेड’ म्हणतो आणि ड्यूटीवरच्या माणसाची नजर सर्वाधिक वेळ याच एका रेघेवर असते.

आकडे घालून पाहिले की फरक लक्षात येतो. सौर वाऱ्याचा वेग ७०० किलोमीटर प्रतिसेकंद आणि दक्षिणेकडचे क्षेत्र २० नॅनोटेस्ला असेल, तर त्यांच्या गुणाकारातून १४ मिलिव्होल्ट प्रतिमीटर इतके विद्युत क्षेत्र निघते. प्रचलित अनुभवजन्य समीकरणानुसार एवढ्या क्षेत्रामुळे डीएसटी सुरुवातीला तासाला साधारण ६० नॅनोटेस्लाने खाली जाऊ लागतो, आणि त्याच वेळी वलयी प्रवाहाची झीजही चालू असते. ही स्थिती तीन तास टिकली तर डीएसटी उणे १२५ च्या आसपास, सहा तास टिकली तर उणे १८० च्या आसपास येतो. आता वेग, घनता, क्षेत्राची तीव्रता सगळे तेच ठेवून केवळ दिशा उत्तरेकडे फिरवा. समीकरणातून उत्तर जवळपास शून्य येते. कोरोनाग्राफच्या चित्रात ही दोन्ही प्रकरणे हुबेहूब सारखी दिसली असती.

ऑगस्ट १९७२ मधला सीएमई या बाबतीत डोळे उघडणारा आहे. तो सूर्यापासून पृथ्वीपर्यंत अवघ्या १४.६ तासांत आला, आजवरच्या नोंदीतला हा सर्वांत वेगवान प्रवास. त्याच्या धक्क्याने झालेल्या चुंबकीय खळबळीमुळे ४ ऑगस्टला उत्तर व्हिएतनामच्या हायफाँग बंदराच्या दक्षिणेला समुद्रात अमेरिकी नौदलाने पेरलेले अनेक चुंबकीय सुरुंग आपोआप फुटले. तरीही डीएसटी सुमारे उणे १२५ च्या खाली गेला नाही, कारण धक्क्यामागून आलेले क्षेत्र बहुतांशी उत्तरेकडे होते. वेगावरून तीव्रता वर्तवणाऱ्याने त्या दिवशी इतिहासातले सर्वांत मोठे वादळ जाहीर केले असते.

मग ही दिशा आधी ओळखायचा काही मार्ग आहे का? अंशतः आहे. बहुतेक मोठ्या सीएमईच्या पोटात पिळलेल्या दोरासारखी चुंबकीय रचना असते आणि पिळाची दिशा सूर्याच्या उत्तर गोलार्धात बहुधा डावी, दक्षिण गोलार्धात बहुधा उजवी असते. स्फोट झालेल्या फिलामेंटची (सूर्यावर तरंगणाऱ्या तुलनेने थंड प्लाझ्माच्या पट्ट्याची) ठेवण, आसपासच्या चुंबकीय क्षेत्राचा नकाशा आणि सौरचक्राची अवस्था यांवरून दोराचे पुढचे टोक दक्षिणेकडे असेल की मागचे, याचा तर्क बांधता येतो. पण ‘बहुधा’ या शब्दाला अपवाद फार आहेत, वाटेत दोर स्वतःभोवती वळतो, आणि सर्वांत वाईट म्हणजे दोराच्या पुढे चेपून गोळा झालेल्या खळबळत्या थरात क्षेत्राची दिशा दर काही मिनिटांनी बदलते. कित्येक वादळांचा मुख्य मारा याच थरातून येतो. म्हणून मी दोन दिवस आधीच्या अंदाजपत्रात बी-झेडविषयी कधीही ठाम वाक्य लिहीत नाही, आणि असे ठाम वाक्य लिहिणाऱ्यांचे काम मी साशंकतेने वाचतो.

दिशा नक्की कळते ती एल-१ या बिंदूवर. पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने सुमारे १५ लाख किलोमीटरवर असलेल्या या जागी अमेरिकेची ‘एस’ आणि ‘डिस्कव्हर’ ही याने सौर वारा थेट मोजत आली आहेत, आणि जानेवारी २०२४ पासून भारताचे ‘आदित्य-एल-१’ तिथे फिरते आहे. साध्या सौर वाऱ्याला तिथून पृथ्वीपर्यंत यायला तासभर लागतो, ८०० किलोमीटर प्रतिसेकंदाने अर्धा तास. वादळ जितके आक्रमक तितका हाती असलेला वेळ कमी, ही या व्यवस्थेतली मूळचीच खोट आहे. शिवाय ऐन मोक्याला उपकरणेही दगा देऊ शकतात: ऑक्टोबर २००३ च्या अखेरीस प्रोटॉनांच्या भडिमारात ‘एस’वरचा सौर वाऱ्याचा वेगमापक निकामी झाल्यासारखा झाला होता आणि मोठ्या वादळात वेगाचा आकडा वेळेवर मिळत नव्हता.

१० मे २०२४ च्या रात्रीचा क्रम सांगतो, म्हणजे हे सगळे एकत्र कसे येते ते दिसेल. ३६६४ क्रमांकाच्या अवाढव्य सौरडाग समूहातून ८ मेपासून एकामागून एक सीएमई निघाले होते आणि मागचे वेगवान सीएमई पुढच्यांना गाठून त्यांच्यात मिसळतील हे दिसत होते. अमेरिकेच्या अवकाश हवामान केंद्राने जी-४ ची पूर्वसूचना दिली. जानेवारी २००५ नंतर ही पातळी प्रथमच वापरली गेली होती. भारतीय वेळेनुसार रात्री साडेदहानंतर जमिनीवरच्या चुंबकमापकांत अचानक उडी दिसली, म्हणजे धक्का पोहोचला. त्याआधी जवळपास अर्धा तास एल-१ वर वेग, घनता, तापमान आणि क्षेत्र या चारही रेघा एकाच क्षणी वर चढल्या होत्या. अशी चौपदरी उडी दिसली की आगमनाबद्दल शंका उरत नाही, पण बी-झेड त्यानंतर कुठे स्थिरावतो याची वाट पाहावी लागते. त्या रात्री तो दक्षिणेकडे ५० नॅनोटेस्लाच्या आसपास गेला. चेपल्या गेलेल्या सीएमईंमधले क्षेत्र दाटून आले होते, आणि ते दक्षिणेकडे बराच काळ राहिले. जगभरची चुंबकीय खळबळ ० ते ९ मध्ये सांगणारा केपी निर्देशांक ९ झाला, ऑक्टोबर २००३ नंतर प्रथमच जी-५ पातळी जाहीर झाली आणि ११ मेच्या सकाळी डीएसटी सुमारे उणे ४०० पर्यंत उतरला. लडाखमधील हानले येथून क्षितिजावर तांबडा प्रकाश टिपला गेला. एवढे असूनही पूर्वसूचनेत आणि प्रत्यक्षात एकाच पायरीचा फरक होता; माझ्या मते तो अंदाज उत्तम होता, आणि ‘तज्ज्ञांना कळलेच नाही’ ही त्यावरची टीका अन्यायाची होती.

ज्यांना हे क्षेत्र मागासलेले वाटते त्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी: पावसाचा अंदाज देणाऱ्याकडे हजारो केंद्रे, रडार, फुगे आणि उपग्रह असतात, तर आमच्याकडे १५ कोटी किलोमीटरच्या वाटेवर दोन्ही टोकांना मिळून जेमतेम दोन ठिकाणची मोजमापे असतात. मधली वाट आंधळी. ती उजळण्याचे एक साधन आपल्याकडे आहे: पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राच्या अखत्यारीतील उटीची ५३० मीटर लांबीची रेडिओ दुर्बीण. दूरच्या रेडिओ स्रोतांचे लुकलुकणे मोजून मधल्या सौर वाऱ्याची घनता आणि वेग काढण्याचे काम तिथे दशकानुदशके झाले आहे. त्यातून सीएमई वाटेत असताना त्याची गती समजू शकते. बी-झेड मात्र त्यातूनही मिळत नाही.

युरोपीय अवकाश संस्थेचे ‘व्हिजिल’ यान २०३१ मध्ये सोडण्याचे नियोजन आहे. ते पृथ्वीच्या कक्षेत तिच्या मागे असलेल्या एल-५ बिंदूवरून सूर्य-पृथ्वी वाट बाजूने बघेल, त्यामुळे शंकू बसवण्यातली समोरून बघण्याची अडचण बरीच दूर होईल आणि आगमनाच्या वेळेत काही तासांची सुधारणा अपेक्षित आहे. पण पैसा कुठे घालावा असे मला विचारले, तर मी एल-१ च्याही पलीकडे, सूर्याच्या बाजूला चुंबकमापक नेण्याच्या बाजूने आहे. मे २०२४ मध्ये ‘स्टिरिओ-ए’ यान योगायोगाने पृथ्वीच्या थोडे पुढे आणि सूर्याच्या थोडे जवळ होते, आणि त्याने येणाऱ्या सीएमईचे क्षेत्र एल-१ च्या काही तास आधी मोजले होते. वीजवाहिन्यांचा भार कमी करण्यासाठी, उपग्रहांचे नियोजन बदलण्यासाठी एक तास आणि तीन तास यांत फार मोठा फरक पडतो. १३ मार्च १९८९ ला कॅनडातील क्युबेकची वीजयंत्रणा दोन मिनिटांच्या आत कोसळली आणि सुमारे ६० लाख लोक नऊ तास अंधारात होते.

कमाल किती मोठे वादळ गृहीत धरायचे, या प्रश्नाचे आजवरचे सर्वांत महत्त्वाचे उत्तर मुंबईतून आलेले आहे. २ सप्टेंबर १८५९ च्या वादळात, ज्याचा सीएमई साडेसतरा तासांत आला होता, कुलाबा वेधशाळेतील निरीक्षकांनी दर काही मिनिटांनी डोळ्यांनी वाचून लिहिलेल्या नोंदींत क्षैतिज क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घटलेले दिसते. ही एका ठिकाणची क्षणिक घट आहे, तासाच्या सरासरीने ती बरीच कमी भरते, आणि तिचा किती भाग वलयी प्रवाहाचा व किती डोक्यावरच्या इतर प्रवाहांचा यावर अजून वाद चालतो. तरी कमी अक्षांशावरची त्या दिवसाची इतकी तपशीलवार नोंद दुसरीकडे नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहाने मोजमाप बिघडू नये म्हणून १९०४ मध्ये चुंबकीय वेध अलिबागला हलवले, काही काळ दोन्हीकडे समांतर नोंदी ठेवल्या, आणि म्हणूनच ही मालिका आजही जोडलेली राहिली आहे. पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था अलिबागची ती वेधशाळा चालवते.

आता मोजणीच्या कामाचे. इशारे तीन टप्प्यांत येतात आणि त्यांची किंमत टप्प्यागणिक वाढत जाते. एक ते तीन दिवस आधीची पूर्वसूचना, तीही जी-३ किंवा त्यावरची, आली तर एवढेच करावे: ज्या कामाची पुनरावृत्ती महाग आहे, म्हणजे लांब बेसलाइनची (दूरच्या दोन यंत्रांमधल्या अंतराची) जोडणी किंवा दुर्गम ठिकाणचे नियंत्रण बिंदू, ते शक्य असल्यास दोन दिवस पुढे सरकवावे, आणि बाकी वेळापत्रक तसेच ठेवावे. जी-१ आणि जी-२ साठी महाराष्ट्रात काम थांबवण्याचे कारण मला दिसत नाही. एल-१ वरच्या मोजमापांवर आधारलेला तासाभरापूर्वीचा इशारा मात्र जवळपास खात्रीचा समजावा. वादळ चालू असताना बेस (एका जागी ठेवलेले संदर्भयंत्र) आणि रोव्हर यांच्यावरच्या आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात, फरक पडतो, म्हणून लांब अंतरावरचा फिक्स, म्हणजे अचूक ठरलेले स्थान, आधी तुटतो आणि रोव्हर फ्लोटमध्ये, म्हणजे कमी अचूक अंदाजात, अडकतो. अंतर कमी ठेवले, कच्चा डेटा नोंदवून ठेवला आणि दर काही वेळाने ज्ञात बिंदूवर तपासणी केली तर बहुतेक काम वाचते. खोटा फिक्स हा न मिळणाऱ्या फिक्सपेक्षा वाईट, हे तुम्हाला मी सांगायला नको.

स्थानिक वेळही महत्त्वाची आहे. मे २०२४ च्या वादळाचा मुख्य भाग भारतात ११ तारखेच्या पहाटे आला, जेव्हा आयनांबर पुरते भरलेले नसते, त्यामुळे एवढे मोठे वादळ असूनही आपल्याकडे त्या मानाने कमी झळ बसली, असा इस्रोचा निष्कर्ष होता. तेच वादळ भर दुपारी किंवा संध्याकाळी सुरू झाले असते तर विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना दाटणारे आयनांबर, ज्याचा उत्तरेकडचा उंचवटा अहमदाबाद-भोपाळच्या परिसरात असतो, जास्त हलले असते. म्हणून इशारा वाचताना पातळीबरोबर आगमनाची वेळ भारतीय प्रमाणवेळेत करून घ्यावी; मूळ पत्रकात ती जागतिक वेळेत असते, साडेपाच तास मिळवायचे. ‘आज रात्री मोबाइल बंद ठेवा, वैश्विक किरण येणार आहेत’ असे जे संदेश दर काही महिन्यांनी फिरतात त्यांत ना पातळी असते ना वेळेचा उगम, एवढ्यावरून ते बाजूला टाकता येतात.

शेवटी एक सूचना, कारण तुमच्या पत्रात संध्याकाळी फिक्स तुटण्याचा उल्लेख आहे. सौरचक्राच्या ऐन भरात, विशेषतः फेब्रुवारी ते एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या काळात, सूर्यास्तानंतर मध्यरात्रीपर्यंत आपल्या अक्षांशांवर आयनांबरात विरळ प्लाझ्माचे बुडबुडे उठतात आणि उपग्रहांचे संकेत थरथरू लागतात. यासाठी कोणतेही वादळ लागत नाही. उलट वादळ ठरावीक वेळी आले तर ते हे बुडबुडे दाबूनही टाकते. तेव्हा रात्री आठ वाजता फिक्स गेला म्हणून लगेच सौरवादळाचा दाखला शोधू नका. आधी त्या दिवसाचा केपी पाहा. तो ३ च्या आत असेल तर कारण बहुधा हे बुडबुडेच आहेत, आणि त्या महिन्यांत नाजूक मोजणी दुपारी उरकणे हाच उपाय आहे.